'हृदयापासून प्रार्थना करा' म्हणजे नेमकं कुठून?

कोरडी_विहीर:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई जाऊन अकरा महिने झाले. रोज पहाटे प्रार्थनेला बसायची सवय तिच्यामुळेच लागली, अजून मोडलेली नाही. बसते, वचन वाचते, डायरीच्या मागच्या पानावर ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं लिहिलीत ती एकेक घेते, आमेन म्हणते आणि उठते. पण आत काही म्हणजे काही हलत नाही. पूर्वी डोळे भरून यायचे, आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. हे आमच्या प्रार्थना गटात एकदा बोलून गेले तर एक बाई म्हणाल्या, "तू हृदयापासून करत नाहीस, डोक्यानं करतेस."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यात (बघा, डोक्यातच) अडकलंय. हृदयापासून म्हणजे कुठून? तिथे जायचा रस्ता काय? आणि बायबल उघडलं तर आणखी गोंधळ. ५१व्या स्तोत्रात दावीद 'शुद्ध हृदय' मागतो, येशू डोंगरावर म्हणतो 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य', तिसरीकडे कुठे 'पूर्ण मनाने'. हृदय, अंतःकरण, मन हे तीन वेगळे आहेत की एकच? कुणी अभ्यास केला असेल तर सांगा प्लीज. उपदेश नको, तो भरपूर झालाय.

मोहरीचा_दाणा:
अगदी माझ्याच मनातलं लिहिलंत. वाचतेय.

आगाऊ_बोका:
हृदयापासून म्हणजे छातीच्या डाव्या बाजूने.
(हलके घ्या ताई. सोपं होतं म्हणून आधी उत्तर देऊन टाकलं.)

नाईट_ड्युटी:
बोका, ते पण चूक. हृदय मध्यावर असतं, फक्त टोक डावीकडे झुकलेलं असतं. तुमचं उत्तर नापास.

जुनी_पाटी:
ताई, उपदेश करत नाही, फक्त शब्दाचं सांगतो. निवृत्तीनंतर हौसेनं थोडी हिब्रू शिकलो, पंडित वगैरे नाही.

जुन्या करारात याला शब्द आहे 'लेव', कधी कधी 'लेवाव'. आठशेहून जास्त वेळा येतो. आणि गंमत अशी की त्यातला मोठा भाग भावनांबद्दल नाहीच. लेव विचार करतं, लक्षात ठेवतं, बेत आखतं, ठरवतं, स्वतःला फसवतं. जुन्या करारात मेंदूला वेगळा शब्दच सापडत नाही, म्हणजे आज आपण 'डोक्यानं' म्हणतो ते सगळं काम त्यांच्या हिशेबात हृदयच करायचं. शलमोनानं राजा झाल्यावर काय मागितलं? आपण म्हणतो बुद्धी. १ राजे ३:९ मध्ये मूळ शब्द आहेत 'लेव शोमेआ', म्हणजे ऐकणारं हृदय. न्यायनिवाडा करायला हृदय मागतोय तो, रडायला नाही.

मग ग्रीकमध्ये काय झालं बघा. अनुवाद (जुन्या करारातलं पुस्तक) ६:५ मध्ये आज्ञा आहे देवावर तीन गोष्टींनी प्रीती कर: लेवाव, जीव, शक्ती. मार्क १२:३० मध्ये येशूच्या तोंडी तीच आज्ञा येते तेव्हा चार होतात, बुद्धी वेगळी मोजली जाते. कारण ग्रीक वाचणाऱ्याला नुसतं 'कार्दिया' (हृदय) म्हटलं तर विचार करणं त्यात आलंच असं वाटलं नसतं बहुधा. आणि आपल्या मराठी बायबलात अनुवादाच्या पुस्तकात 'मन' आलंय, मार्कात 'अंतःकरण'. तुमचा गोंधळ तिथला आहे. तीन वेगळ्या वस्तू नाहीत, एकाच वस्तूला भाषांतर करणाऱ्यांनी जागा बघून दिलेली नावं आहेत.

तेव्हा त्या बाईंनी 'डोक्यानं करतेस, हृदयानं नाही' म्हटलं ते वाक्य दावीदाला कळलंच नसतं. दावीदाकडे ती फोड नव्हती.

मोहरीचा_दाणा:
काका हे भारीय. दावीदाला कळलंच नसतं 😀

थेट_सवाल:
जुनी_पाटी, शब्दकोश ठीक आहे पण त्यातून तुम्ही सोयीचा निष्कर्ष काढताय. म्हणजे भावना नसली तरी चालतं? पुन्हा उठलेला येशू अम्माऊसच्या वाटेवर ज्यांना भेटला ते दोघं शिष्य काय म्हणाले, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत जळत नव्हतं काय. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी पेत्राचं भाषण ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली, तेव्हा ते विचारतात आम्ही काय करावं. इंग्लंडमधला धर्मोपदेशक जॉन वेस्ली २४ मे १७३८ ला लंडनमधल्या एका सभेत बसला होता, ल्यूथरचं काहीतरी वाचन चालू होतं, पावणेनऊच्या सुमारास त्याला हृदय विलक्षण ऊबदार झाल्यासारखं वाटलं आणि तिथून पुढे केवढी चळवळ उभी राहिली. ऊब आली म्हणून झालं ना हे सगळं? कोरड्या प्रार्थनेला 'हिब्रूत असंच असतं' म्हणून सर्टिफिकेट देऊ नका. ताईंना काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय तर खरंच काही हरवलं असेल.

जुनी_पाटी:
मुद्दा मान्य, भावना लेवात आहेतच, शमुवेलाची आई हन्ना प्रार्थना करते ती मन मोकळं करूनच. मी एवढंच म्हणतोय की त्या तिथल्या एकट्या भाडेकरू नाहीत.

आणि वेस्लीचं निघालंच आहे तर पुढचं पान पण वाचा. त्या ऊबेनंतर आठ महिनेही झाले नव्हते, १७३९ च्या जानेवारीत तोच माणूस रोजनिशीत लिहितो की मी आत्ता ख्रिस्ती नाही. ऊब गेली होती. माणूस मात्र पुढची पन्नास वर्षं घोड्यावरून प्रवचनं देत हिंडला.

थेट_सवाल:
हे माहीत नव्हतं. बघतो.

शब्दवेडा:
अवांतर आहे, पण राहवत नाही. 'काळीज' या शब्दाचा विचार केलाय का कुणी? बोलताना काळीज म्हणजे हृदय, काळजात धस्स होतं, काळजाचं पाणी होतं. पण खाटकाकडे काळीज म्हणजे यकृत. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृतच. म्हणजे आपण शेकडो वर्षं यकृताला हृदय म्हणत आलोय आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता बायबलात बघा, विलापगीत २:११ मध्ये यरुशलेम पडल्यावर रडणारा कवी मूळ हिब्रूत म्हणतो माझं यकृत जमिनीवर ओतलं गेलंय. भाषांतरांत बहुतेक ठिकाणी यकृत राहत नाही, पण मराठीत काळीज म्हटलं की दोन्ही अर्थ एका दगडात.

आणि आतडी! नव्या करारात येशूला गर्दी पाहून 'कळवळा आला' असं येतं, तिथला ग्रीक शब्द 'स्प्लांखना' म्हणजे आतडी, पोटातला ऐवज, यावरून बनलाय. पौल अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतो तेव्हा पत्रात लिहितो, हा म्हणजे माझी स्प्लांखना. इतर भाषांना इथे कसरत करावी लागते, आपल्याला काय, आतड्याचं माणूस म्हटलं की संपलं. आतडं तुटतं, पोटात माया असते, चूक पोटात घालतो, पोटतिडकीनं बोलतो. मराठी माणूस प्रेम पोटात ठेवतो. 'हृदयापासून' हा तसा पुस्तकी शब्दप्रयोग, आपला खरा शब्द 'बेंबीच्या देठापासून'.

आगाऊ_बोका:
ओरडायला बेंबीचा देठ, माफ करायला पोट, घाबरायला काळीज. मग हृदय करतंय काय? नुसतं ब्लडप्रेशर?

शब्दवेडा:
अजून एक राहिलं. हिब्रूत यकृताला 'कावेद' म्हणतात आणि 'जड' यालाही कावेद. निर्गममध्ये फारोचं, म्हणजे दहा पीडा येईपर्यंत इस्राएल लोकांना न सोडणाऱ्या मिसरच्या राजाचं, हृदय कठीण झालं असं आपण वाचतो, त्यात बऱ्याच ठिकाणी क्रियापद हेच आहे. हृदय जड झालं.

आगाऊ_बोका:
म्हणजे फारोला फॅटी लिव्हर होतं. दहा पीडा कशाला, एक सोनोग्राफी पुरली असती.

मोहरीचा_दाणा:
😂😂 बोका तुम्हाला कोणी आवरत का नाही

थेट_सवाल:
हसा हसा, पण फारोचाच मुद्दा मला वर्षानुवर्षं छळतोय. देवानंच त्याचं हृदय कठीण केलं तर फारोचा दोष काय? ताईंच्या धाग्यावर अवांतर नाही हे, कारण समजा माझं हृदय कोरडं पडलं तर ते मी पाडलं की त्यानं?

जुनी_पाटी:
क्रम बघा. पहिल्या काही पीडांत 'फारोने आपलं मन कठीण केलं' किंवा 'त्याचं मन कठीण झालं' असं येतं. परमेश्वरानं कठीण केलं हे प्रत्यक्ष घडताना पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी, ९:१२ मध्ये. आधी सांगून ठेवलंय तसं होणार म्हणून, ते वेगळं. मी असं वाचतो की माणूस नाही नाही म्हणत राहिला की एका टप्प्यानंतर देव त्या नकारावर सही करतो. सगळ्यांना हे पटत नाही हे मला माहीत आहे.

आणि मिसरी लोकांच्या समजुतीत मेल्यावर माणसाचं हृदय तराजूत टाकून पिसाशी तोलायचे. ममी करताना मेंदू काढून फेकायचे पण हृदय जागेवर ठेवायचे. त्या देशाच्या राजाचं हृदय 'जड' झालं असं लिहिणारा लेखक थोडा खट्याळ असावा असं मला उगाच वाटत आलंय.

थेट_सवाल:
सही करतो हे नाही पटलं. सहीशिवाय कागद पुढे सरकत नसेल तर सही करणाराही जबाबदारच. पण असो.

पहिला_शुक्रवार:
इतकं सगळं बोलणं झालं आणि येशूच्या पवित्र हृदयाचं नाव अजून कुणी काढलं नाही? आमच्याकडे हृदय म्हटलं की आधी तेच. काट्यांचा मुकुट घातलेलं, भाल्यानं भोसकलेलं, वर ज्वाळा आणि क्रूस.

लोकांना वाटतं ही नुसती भाबडी तसबीर. तिचा इतिहास बघा. फ्रान्समधे पारे-ल-मोनियालच्या मठात मार्गारेट मेरी आलाकोक नावाची सिस्टर होती, २७ डिसेंबर १६७३ ला तिला पहिला मोठा साक्षात्कार झाला. तो काळ असा की तिथे यान्सेनवाद्यांचा जोर होता, देव फार कडक, कम्युनियन (मिस्सातली प्रभूची भाकर) घ्यायला आपण लायकच नाही, दूरच राहिलेलं बरं, अशी हवा. त्या हवेत हे चित्र आलं की अरे त्याला हृदय आहे आणि ते तुझ्यासाठी उघडं पडलंय. दरमहा पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घ्यायची प्रथा त्यातूनच आली. १८५६ ला नववे पायस यांनी हा सण सगळ्या चर्चला लागू केला. अगदी अलीकडे २४ ऑक्टोबर २०२४ ला पोप फ्रान्सिस यांनी या हृदयावरच अख्खं परिपत्रक काढलं.

ताई, आपण सगळे 'माझं हृदय कसंय' यातच अडकलोय. माझं कोरडं की ओलं की दगडी. पण मुळात त्याचं हृदय कसंय हे आधी बघायचं ना. माझं थंड आहे तर आहे, मी त्याच्याजवळ जाऊन बसते, शेकोटीजवळ बसायला आपण गरम असायला लागत नाही.

साधा_वचनवाला:
आदरपूर्वक असहमत. साक्षात्कार, तसबिरी, ठरावीक शुक्रवार यातलं काहीच वचनात नाही. शरीराच्या एका अवयवाची भक्ती का करावी? येशूची करा ना. उद्या कोणी हाताची करेल.

पहिला_शुक्रवार:
दादा, योहान १९:३४. शिपायानं भाल्यानं कूस भोसकली, रक्त आणि पाणी बाहेर आलं. थोमाला प्रभू म्हणतो हात पुढे कर आणि माझ्या कुशीत घाल. आम्ही तिथेच बघत बसलोय, नवीन काही काढलेलं नाही. आणि भक्ती अवयवाची नाही, माणसाचीच. तुम्ही आईच्या पाया पडता तेव्हा पायांची भक्ती करत नाही.

साधा_वचनवाला:
पायांचं उदाहरण चांगलं दिलंत, विचार करायला लावलं. तरी तसबीर मला जमणार नाही.

पण मला मूळ विषयावर एक सांगायचंय. आजकाल चर्चमधेही ऐकू येतं, 'आपल्या हृदयाचं ऐका, हृदय कधी खोटं बोलत नाही.' हे कुठल्या शास्त्रात आहे? यिर्मया १७:९ सरळ म्हणतो हृदय सगळ्यात कपटी आहे, त्याचा भेद कुणाला कळतो. येशू मत्तय १५ मध्ये यादीच देतो आतून काय काय बाहेर येतं त्याची: दुष्ट विचार, खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष. त्यामुळे ताईंना 'आत ऐका' असा सल्ला देण्याआधी विचार करा.

थेट_सवाल:
बरं मग रोमकरांस १०:१० चं काय, तिथे माणूस अंतःकरणानेच विश्वास ठेवतो म्हटलंय. म्हणजे सगळ्यात कपटी जी वस्तू तिच्यावरच तारणाची भिस्त? कपटी साक्षीदाराच्या एका साक्षीवर निकाल?

साधा_वचनवाला:
म्हणूनच यहेज्केल ३६:२६. पाषाणमय हृदय काढून टाकीन आणि मांसमय हृदय देईन. डागडुजीची भाषाच नाही तिथे. जुनं काढायचं, नवं बसवायचं.

नाईट_ड्युटी:
हे वाचून लिहायला बसले कारण हेच माझं काम आहे, मी कार्डियाक आयसीयूत नर्स आहे, वचन तुमच्याइतकं पाठ नाही पण हृदय बदललेली माणसं मी पाहिलीत.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ट्रान्सप्लांट करताना रक्तवाहिन्या जोडतात, नसा म्हणजे नर्व्हज जोडता येत नाहीत, त्या तुटतात त्या तुटतात. तरी हृदय चालतं कारण ठोक्याची ठिणगी त्याच्या आतच असते, मेंदूनं सांगायची वाट बघत नाही. पण मेंदूचा थेट निरोप जात नाही त्यामुळे ते शांत बसल्यावरही जरा जोरातच चालतं, नव्वद शंभरच्या आसपास, आणि पुढे त्यात काही बिघाड झाला तर अनेकांना छातीत दुखत पण नाही, कळतच नाही.

एक काका होते, ऑपरेशननंतरचा कितवातरी दिवस, पहिल्यांदा त्यांच्या मुलीला मास्क गाऊन घालून आत सोडलं. ती काचेपाशी दिसली आणि हे रडायला लागले, पण हात छातीवर ठेवून माझ्याकडे बघत होते. नंतर म्हणाले सिस्टर, इतका आनंद झाला पण इथे काहीच झालं नाही, पूर्वी कसं धडधडायचं. मी मॉनिटर बघत होते, आकडा जागचा हलला नव्हता. मुलगी बाहेर गेल्यावर, काही मिनिटांनी, तो चढायला लागला. कारण नसेतून निरोप जात नाही पण रक्तातून जातो, अ‍ॅड्रेनॅलिन फिरत फिरत पोचतं, उशिरा पोचतं. काकांना दाखवलं तर ते म्हणाले म्हणजे याला बातमी आत्ता कळली होय.

काहींच्यात काही वर्षांनी थोड्या नसा परत वाढतात. सगळ्यांच्यात नाही.

कोरडी_विहीर ताई, मला अर्थ वगैरे लावता येत नाही, पण तुमचं वाचून ते काका आठवले.

मोहरीचा_दाणा:
याला बातमी आत्ता कळली होय... अंगावर काटा आला.

थेट_सवाल:
उपमा सुंदर आहे पण जास्त ताणू नका, यहेज्केलचा मुद्दा बरोबर उलटा आहे. दगडाला कळत नाही आणि मांसाला कळतं, म्हणून मांसाचं देतोय तो. न कळणारं हृदय हे जुनं, नवं नव्हे.

नाईट_ड्युटी:
ते बरोबर असेल दादा. मी फक्त पाहिलेलं सांगितलं.

तिऱ्हाईत:
मी ख्रिस्ती नाही, धागा आवडला म्हणून डोकावतोय. तुम्ही 'अंतःकरण' इतक्या सहज वापरताय, पण हा शब्द मूळचा आमच्या वेदान्ताच्या घरातला. अंतःकरण म्हणजे आतलं साधन, त्याचे चार भाग: मन, बुद्धी, चित्त, अहंकार. मन हो-नाही करतं, बुद्धी ठरवते, चित्त साठवतं, अहंकार 'मी' म्हणतो. जुनी_पाटींनी लेवचं जे वर्णन केलं, विचार, आठवण, ठरवणं, ते जवळजवळ हेच. ज्यानं कुणी तुमच्या भाषांतरात हा शब्द निवडला त्याला नुसतं 'हृदय' का पुरलं नाही ते कळतं. फरक मोठा आहे तो पुढचा: आमच्याकडे अंतःकरण म्हणजे 'मी' नव्हे, ते बघणारा वेगळा. तुमच्याकडे बहुतेक तसं नाही.

दुसरं, लॅटिन 'क्रेडो', ज्यावरून तुमचा क्रीड (विश्वासाची कबुली) आला, आणि संस्कृत 'श्रद्धा' हे सख्खे चुलत शब्द आहेत. श्रत् अधिक धा. धा म्हणजे ठेवणे, आणि श्रत् म्हणजे हृदय असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात. श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणे. ठेवणे हे क्रियापद आहे, वाटणे नव्हे.

जुनी_पाटी:
तिऱ्हाईतराव, वा. तुम्ही तिऱ्हाईत कसले. आणि फरकही नेमका सांगितलात. आमच्याकडे हृदय बघणारा वेगळा आहे खरा, पण तो मी नाही. नवा राजा निवडताना दावीदाचा थोरला भाऊ एलीयाब याची उंची बघून शमुवेल संदेष्टा भुलला तेव्हा देवाचं उत्तर आलं, माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो.

शब्दवेडा:
'ठेवणे' वरून, येशूही तेच म्हणतो की, जिथे तुमचं धन तिथे तुमचं मन. आधी धन ठेवायचं, मन मागून येतं. आपण उलट समजतो.

जपमाळ_नसलेला:
कुणी पूर्वेकडच्या परंपरेचं लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ऑर्थोडॉक्स मठांत एकच छोटी प्रार्थना सतत म्हणतात, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." ध्येय असं की डोक्यात फिरणारं मन हळूहळू हृदयात उतरावं. रशियातले थिओफान (१८१५-१८९४) म्हणतात तसं, मन हृदयात घेऊन देवापुढे उभं राहणं. म्हणजे डोकं सोडून द्यायचं नाही, त्याला घेऊन खाली यायचं. ताईंच्या गटातल्या बाईंचं वाक्य आणि हे यात हाच फरक आहे.

चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे साधू मान खाली घालून, श्वासाबरोबर ही प्रार्थना करायचे तेव्हा बर्लाम नावाच्या विद्वानानं त्यांची 'बेंबीत आत्मा असणारे' म्हणून टर उडवली होती. ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि १३४१ ला कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत बर्लाम हरले.

श्वासाचे प्रयोग स्वतःच्या मनानं करू नका मात्र, तिकडेही ते कुणाच्या तरी देखरेखीखालीच करतात. नुसते शब्द म्हणायला हरकत नाही. मी करतो. बहुतेक दिवशी काहीच होत नाही.

आगाऊ_बोका:
शब्दवेडा, ऐका! बेंबीच्या देठापासून! तुमची मराठी थेट आथोस पर्वतावर पोचली!!

शब्दवेडा:
मी आज जेवणार नाही, पोट भरलं.

पहिला_शुक्रवार:
मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा लोकांना धक्का बसला होता, जवळपास पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत काही जाणवत नव्हतं. काम एक दिवस थांबलं नाही. ताई, तुमचे अकरा महिने झालेत.

साधा_वचनवाला:
पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत 🙂

जुनी_पाटी:
ताई, एक विचारू? उत्तर इथे द्यायलाच पाहिजे असं नाही. लेव म्हणजे जिथे ठरतं ती जागा, असं म्हणालो. गेल्या अकरा महिन्यांत तुम्ही आत काही ठरवून टाकलंय का, जे प्रार्थनेत बोलत नाही? माझं एकदा झालं होतं म्हणून विचारतोय. रडू येत नव्हतं याचं कारण मी दार आतून लावलं होतं, आणि बाहेर बसून देवाला विचारत होतो की तू बोलत का नाहीस.

कोरडी_विहीर:
तीन दिवस सगळं वाचत होते, उत्तर देता येत नव्हतं. सगळ्यांचे आभार, नाईट_ड्युटी तुमचे वेगळे.

काका, तुमचा प्रश्न वाचून मोबाईल बंद केला होता, राग आला होता खरं तर. मग काल पहाटे डायरी काढली. मागच्या पानावर नावं आहेत म्हटलं ना, एकोणीस आहेत. मोजली. मी रोज अठराच घेते. सातवं नाव माझ्या भावाचं. आईच्या शेवटच्या आठवड्यात तो आला नाही, त्याची कारणं होती, मला ती पटली नव्हती, अजून पटलेली नाहीत. ते नाव मी खोडलं नाही कधी, वगळायचं असंही ठरवलं नव्हतं, म्हणजे असं मला वाटत होतं. पण डोळा सहावरून सरळ आठवर जातो. अकरा महिने. सवयच झालीय, जिन्याची तुटकी पायरी चुकवतात तशी. आणि पान आईच्या हातचं आहे, नाव तिनेच लिहिलंय, त्याच्यापुढे छोटी रेघ आहे, तिची खूण असायची ती, रोज घ्यायचं म्हणून.

काल ते नाव घेतलं. मोठ्यानं. काही झालं नाही, स्पष्ट सांगते, ऊब नाही, डोळ्यात पाणी नाही, रागही तसाच. फक्त नाव घेतलं आणि आठवर गेले. आज पुन्हा घेतलं.

१ योहान ३:२० आईच्या बायबलात अधोरेखित आहे, आपलं हृदय आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या हृदयापेक्षा मोठा आहे. तिनं कशासाठी केलं असेल कोण जाणे.

नाईट_ड्युटी:
❤️ (डावीकडे झुकलेलं)

जुनी_पाटी:
एकोणीस.

थेट_सवाल:
ताई, मी सुरुवातीला 'काही हरवलं असेल' म्हणालो ते टोचलं असेल तर सॉरी.

कोरडी_विहीर:
टोचलं होतं. बरोबर पण होतं थोडं.

मोहरीचा_दाणा:
मी माझी यादी काढायला घाबरतेय आता.

शब्दवेडा:
जुनी_पाटी काका, मघाचं राहिलं, निर्गममध्ये 'कावेद' बरोबर दुसरं एक क्रियापदही येतं ना, बळकट होणे असं काहीसं? म्हणजे फारोचं हृदय कधी जड होतं, कधी घट्ट होतं. दोन्हींना मराठीत आपण 'कठीण' केलंय. यावर वेगळा धागा काढू का?

आगाऊ_बोका:
काढा. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन येतो.